ग्लू, कापूस आणि देव्हाऱ्यातला दिवा

‘ताई, मी इचलकरंजीत राहते, वय २९. दोन वर्षांपासून घरीच पुढच्या खोलीत पापण्यांच्या एक्स्टेंशनचं, म्हणजे पापण्यांना एकेक कृत्रिम केस ग्लूने चिकटवायचं काम करते, नेल आर्टही करते. खोली दहा बाय दहा. गेल्या महिन्यात ग्लूची नवी बाटली उघडताना नोझल निसटलं आणि बराचसा ग्लू मांडीवर सांडला. घाईत हाताशी असलेला कापसाचा मोठा बोळा घेऊन दाबला. चार-पाच सेकंदांत बोळ्यातून पांढरा धूर यायला लागला, बोटांना चटका बसला, लेगिंग मांडीला चिकटली आणि खाली फोड आला. टूथपेस्ट लावली. तेव्हापासून सासूबाई म्हणतायत की हे आगीचं काम आहे, घरात नको. त्याच खोलीत देव्हारा आहे, सांजवात असते. मिस्टर म्हणतात, एवढ्याशा बाटलीने काय होतंय! खरंच ग्लू पेटतो का? क्लायंटच्या डोळ्यांजवळ असं झालं तर? काम बंद करू का? मला अहोजाहो करू नका.
ता.क. चिमट्यांवर सुकलेला ग्लू मी ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायला वापरते त्यात) भिजवून, उरलेला लायटरवर जाळून काढते. नोझल बंद पडलं की टाचणी तापवून घालते. हे चालतं ना?’

आधी ता.क.चं उत्तर देते. तुझं पत्र वाचताना मांडीवरच्या फोडापर्यंत मी शांत होते. ता.क. वाचला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. अगं, नाही चालत! लायटर आजपासून त्या खोलीत नको. कारण पुढे सांगतेच, पण ते पटेपर्यंत थांबू नकोस. आत्ता उठ, लायटर स्वयंपाकघरात ठेवून ये आणि मग पुढचं वाच.

आलीस? आता तुझ्या धुराकडे वळू.

मी सव्वीस वर्षं एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षेचं काम पाहिलं. पापण्यांच्या कामातलं जे कळतं ते भाचीमुळे. ती चिंचवडला हेच काम करते. तिच्या बेडवर आडवं पडून, डोळे मिटून मी तिला दोन तास प्रश्न विचारले. (पापण्या छान झाल्या. साठीनंतर शोभतात की नाही, हा वेगळा विषय.) तुझ्यासारखा धूर मात्र मी त्याच्या कितीतरी आधी पाहिला होता. आमच्याकडे एका फिटरने सांडलेला इन्स्टंट ग्लू पुसायला कॉटन वेस्टचा गोळा घेतला आणि मुठीत दाबला. दुसऱ्याच क्षणी तो हात झटकत ओरडायला लागला. गोळा काही सुटेना, कारण तो तळव्याला चिकटला होता. जवळपास ना ज्योत, ना ठिणगी, वेल्डिंगसुद्धा चालू नव्हतं. तरी तळहातावर फोड.

पापण्यांचा ग्लू आणि तो इन्स्टंट ग्लू एकाच घराण्यातले. नाव सायनोॲक्रिलेट. चप्पल चिकटवायला आपण फेविक्विक आणतो, तेही याच घराण्यातलं. म्हणून कुणी ते पापण्यांना लावायचं नाही, हे तुला सांगायला नकोच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूवर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन त्यांच्या हाती लागलं. ज्याला लावावं त्याला चिकटून बसतं म्हणून त्यांनी ते वैतागून बाजूला ठेवलं. त्या चिकटण्यातच पैसा आहे हे नंतर ध्यानात आलं आणि १९५८ मध्ये ते बाजारात आलं.

हा ग्लू वाळत नाही. रंग वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. ग्लूला उलट पाणी हवं असतं. हवेतली, कातडीवरची, केसावरची किंचितशी ओल मिळाली की त्याचे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि तो घट्ट होतो. म्हणून तर तू काम झाल्यावर मिस्टर फिरवतेस. (नवऱ्याला नाही, वाफेच्या यंत्राला म्हणतेय मी!) साखळी जुळताना उष्णता बाहेर पडते. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर कसा खदखदतो? खाली विस्तव नसतो, तरी घमेलं हाताला लागू देत नाही. त्यातलीच ही गत.

कामाच्या वेळी छोट्या दगडी टाइलवर तू ग्लूचा जो थेंब घेतेस तोही गरम होत असतो, पण तो मोहरीएवढा. त्याची ऊब दगडात आणि हवेत विरून जाते, तुला कळतही नाही. कापसात मात्र तीन गोष्टी एकदम जुळून येतात. कापसाच्या तंतूंत मुळातच ओल धरलेली असते. तंतू इतके बारीक की मूठभर बोळ्यात ग्लूला पसरायला अफाट जागा मिळते. थेंबाथेंबाने जे घडलं असतं ते सगळ्या ग्लूत एकाच वेळी घडतं. आणि कापूस म्हणजे गोधडी. आत तयार झालेली ऊब बाहेर जाऊ देत नाही. ओला कडबा रचला की गंजीच्या पोटात हात घालवत नाही, ते तू पाहिलं असशील. गंजीला दिवस लागतात, तुझ्या बोळ्याला पाच सेकंद पुरले.

तो पांढरा धूर म्हणजे बहुतेक करून तापलेल्या ग्लूचीच वाफ. नाकाडोळ्यांना झोंबते, दमेकऱ्याला जास्तच. बोळा दरवेळी पेट घेईल असं नाही. साधारण प्रकार चटका, फोड आणि धूर एवढ्यावरच थांबतो. पण ग्लू भरपूर आणि बोळा दाट असला, तर तो पेटूही शकतो. तुझी अख्खी बाटली जेमतेम ५ मिलीची, तीही सगळी सांडली नव्हती. तेवढ्यात फोड आला. कचऱ्याच्या डब्यात तसाच बोळा, वर ॲसिटोनचे पुसलेले कापूस, त्यावर टिश्यू, असा थर डोळ्यांपुढे आण. त्या दिवशी तू बोळा कुठे टाकलास, ते पत्रात नाही. डब्यात टाकला असशील तर दैव बलवत्तर म्हणायचं.

लेगिंगचंही हेच. सुती लेगिंग, सुती ओढणी, लोकरीची शाल, चामडं, सगळ्यांशी ग्लूचं असंच जमतं. तू दाबलास बोळा, पण मांडीवरचा फोड बहुधा लेगिंगच्या कापडानेच दिला असणार. इचलकरंजीत बसून कापसाशी वैर कसं धरायचं, असं म्हणशील. धरू नकोस. ग्लूच्या टेबलापुरतं त्याला लांब ठेव.

म्हणजे करायचं काय? मांडीवर रेक्झिनचा किंवा प्लास्टिकचा ॲप्रन. हातात नायट्राइलचे मोजे, सुती कधीच नाहीत. नोझल पुसायला कापूस, इअरबड, टिश्यू यांतलं काही नको. पॉलिएस्टरचे, तंतू न सुटणारे वाइप मिळतात ते घे. घेताना पुडक्यावर बघ. व्हिस्कोज किंवा रेयॉन लिहिलं असेल तर तो कापसाचाच चुलतभाऊ. पुसताना वाइप मुठीत चुरगळू नकोस, सपाट धर, एका वेळी एकच. ग्लू सांडलाच तर पुसायची घाई करू नको. टेबलावर सांडला असेल तर खिडकी उघड आणि घट्ट होऊ दे, मग खरवडून काढ. कपड्यावर सांडला असेल तर कपडा लगेच अंगापासून दूर ओढून धर आणि त्यावर भरपूर गार पाणी ओत. लाज वाटली तरी चालेल, लेगिंग उतरव. हल्ली यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारे ग्लू आलेत, तेही बहुतेक याच घराण्यातले, तेव्हा नियम तोच.

जुनी बाटली संपत आली किंवा तारीख उलटली तर उरलेला ग्लू कापसात टिपून फेकायची पद्धत मी दोन-तीन ठिकाणी पाहिली. अगदी चूक. प्लास्टिकच्या वाटीत भरपूर पाणी घे, त्यात ग्लू थेंब थेंब सोड. गोळ्या होतील. घट्ट झालेला ग्लू निरुपद्रवी प्लास्टिक असतो, तो सुक्या कचऱ्यात जाऊ दे. हे करताना खिडकी उघडी असू दे आणि तोंड वाटीवर झुकवू नकोस.

क्लायंटच्या डोळ्यांजवळ असं होईल का? तू पापणीला लावतेस तेवढ्या ग्लूने नाही होणार. एका केसाला लागणारा ग्लू डोळ्याला नीट दिसतही नाही. त्याची झळ डोळ्याला पोचत नाही. झोंबते ती वाफ, आणि त्यासाठी हवा खेळती हवी. धोका आहे तो बाटली तिच्या अंगावर नेण्यात. बाटली बेडवर, क्लायंटच्या छातीवर किंवा उशीशेजारी ठेवायची सवय असेल तर मोड. बाटली टेबलावर, क्लायंटच्या डोक्यापासून हातभर दूर आणि खाली. तिच्याजवळ जाईल तो फक्त चिमट्याच्या टोकावरचा ग्लू. अंगावर घालायला तू सुती दुलई देत असशील, तर गळ्यापासून छातीपर्यंत वर एक प्लास्टिकचा रुमाल टाक.

आता मिस्टरांचा प्रश्न. ग्लू ज्योतीने पेटतो का?

पेटतो, पण सहजासहजी नाही. कुठल्याही द्रवाच्या बाबतीत आम्ही एक आकडा बघायचो: किती तापमानाला त्याच्या पृष्ठभागावर एवढी वाफ जमते की ठिणगी पडताच भडका उडेल. कारखान्यात त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पापण्यांच्या ग्लूचा तो ८० अंश सेल्सियसच्या वर. रॉकेलचा चाळिशीच्या आसपास. म्हणजे नुसतं आगीपुरतं बोलायचं तर आपल्या आज्या ज्याच्यावर स्वयंपाक करायच्या, त्या रॉकेलपेक्षा तुझा ग्लू पुष्कळ गरीब. मे महिन्यात तुझ्या खोलीत ४० अंश झालं तरी तो आपणहून काही करणार नाही. इथवर मिस्टर बरोबर.

पण मिस्टर बघतायत ती बाटली चुकीची आहे. हॅंड सॅनिटायझर आणि टेबल पुसायचं स्पिरिट यांचा तो आकडा १२ ते १७ अंश. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही सामान्य दुपारी ते पेटायला तयारच असतात. आणि ॲसिटोनचा? उणे २०. हिमालयात बर्फावर ठेवलंस तरी ज्योत दाखवताच पेटेल. नेलच्या कामासाठी तू त्याचा एक लिटरचा डबा आणत असणार, तो स्वस्त पडतो म्हणून. सासूबाई ग्लूच्या चिमुकल्या बाटलीला घाबरतायत आणि डबा टेबलाखाली निवांत बसलाय.

ॲसिटोनची वाफ दिसत नाही आणि ती हवेच्या दुप्पट जड असते. उदबत्तीच्या धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि फरशीवरून सरपटत सखल जागा शोधते. तुझ्या खोलीतली सखल जागा कुठली? बेडखालची. तिथे काय असतं? भाचीकडे मी बेडखाली वाकून पाहिलं, तर एक्स्टेंशन बोर्ड होता. रिंग लाइट, वॅक्स हीटर आणि मोबाइलचा चार्जर, तिघंही त्याच्यातून. मी तिला हिशेब करून दाखवला, तुलाही दाखवते. कटिंग चहाच्या ग्लासात जेवढा चहा येतो त्याच्या निम्मं, म्हणजे ५० मिली ॲसिटोन सांडून पूर्ण उडालं, तर त्याची वाफ होते साधारण १६ लिटर. हवेत अडीच टक्के ॲसिटोन मिसळलं की ते मिश्रण पेटू शकतं. म्हणजे ती १६ लिटर वाफ साडेसहाशे लिटर हवेला पेटतं करायला पुरते. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा बेडखालची पोकळी जवळपास तेवढीच भरते. खिडकी उघडी असेल, पंखा चालू असेल तर ती वाफ विरते, एवढं जुळून येत नाही. पण एसीसाठी दारं-खिडक्या लावून बसलीस, बाटली कलंडली आणि तेवढ्यात कुणी बेडखालच्या बोर्डाचं बटण दाबलं, तर? बटणात ठिणगी पडते, रात्री अंधारात बघ, दिसेल.

भाचीने तो बोर्ड त्याच संध्याकाळी भिंतीवर, कमरेच्या वर ठोकून घेतला. तूही घे.

आता लायटर का नको ते तुला आपोआप कळलं असेल. ॲसिटोनमधून काढलेला चिमटा कोरडा दिसतो, पण त्याच्या दोन पात्यांच्या बेचक्यात थेंब अडकून असतो. बोटांवर ॲसिटोन, शेजारी उघडी वाटी, आणि तू चाक फिरवतेस. चिमटा पेटला की माणूस तो झटकतो, हे नक्की. झटकलेला चिमटा कुठे पडतो? बहुतेक वाटीतच. शिवाय जळणारा ग्लू विषारी धूर सोडतो, आणि तापवलेल्या चिमट्याचं टोक मऊ पडून वाकतं, म्हणजे चांगला चिमटा तू स्वतःच्या हाताने बिघडवतेस. तापल्या टाचणीचंही तेच: ८० अंशांचा आकडा मी वर सांगितला, लाल झालेली टाचणी त्याच्या कितीतरी पुढे असते आणि तू ती थेट बाटलीच्या तोंडात घालतेस. नोझल बदल. पाकिटात जादा येतात. नाही आली तर दुसरी मागव.

चिमटे भिजवायला झाकणाची छोटी काचेची किंवा स्टीलची बरणी ठेव, टोकं बुडतील एवढंच ॲसिटोन. थर्माकोलचा कप किंवा वापरून फेकायचा पातळ प्लास्टिकचा ग्लास घेऊ नको. ॲसिटोन त्यातले पुष्कळसे विरघळवतं आणि बुडातून टेबलावर येतं. दिवसाचं काम संपल्यावर, क्लायंट गेल्यावर, खिडकीपाशी भिजव. मग साबणाच्या पाण्याने धू, पूस, वाळव. खोलीत १०० मिलीपेक्षा जास्त ॲसिटोन नको. मोठा डबा बाहेर, सावलीत, कडीकुलपात, पोरांच्या हाताला न लागेल असा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नकोस. काहीजणी ग्लूबरोबर सगळंच फ्रिजमध्ये ठेवतात. घरच्या फ्रिजच्या आतही बटण असतं, ते सुरू-बंद होताना ठिणगी पडते, आणि बंद कपाटात वाफेला बाहेर जायला वाट नाही.

पापण्या काढायला क्रीमचा रिमूव्हर वापर, ॲसिटोन डोळ्यांजवळ नेऊच नको. क्रीमच्या डबीवर प्रॉपिलीन कार्बोनेट असं लिहिलेलं दिसलं तर निर्धास्त राहा. त्याला पेटवायला १३० अंश लागतात. पाण्यासारखे पातळ, चटकन उडणारे रिमूव्हर मिळतात त्यांना ॲसिटोनइतकाच मान द्यायचा. ग्लू लावायच्या आधी पापण्या पुसायला जो प्रायमर वापरतेस, त्याचंही लेबल एकदा वाच. दुकानदाराकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाचे धोके लिहिलेली माहितीपत्रिका माग, खऱ्या कंपनीकडे ती असते. ‘ताई, असं कुणी मागत नाही’ म्हणाला तर दुकान बदल.

कचऱ्याला झाकणाचा, पायाने उघडणारा स्टीलचा डबा. ग्लूचा कचरा आणि ॲसिटोनचा कचरा एकत्र नको, आणि ॲसिटोनचा रोजच्या रोज घराबाहेर. वायरिंग, एका बोर्डावर किती यंत्रं, वॅक्स हीटर बंद करायला विसरणं, याबद्दल तू लाख वेळा ऐकलं असशील. परत नाही सांगत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढं लांबवलं, ती.

तुझ्या कामात आणि साध्या पार्लरमध्ये एक मोठा फरक आहे. केस कापताना आग लागली तर बाई खुर्चीतून उठून पळेल. तुझी क्लायंट आडवी असते, डोळे मिटलेले, खाली जेलचे पॅच, वर टेप, कानात गाणी, निम्म्या वेळा झोपलेली. धुराचा वास आला तरी तिला आधी वाटेल की ग्लूचाच वास असेल. दार कुठे आहे हे ती विसरलेली असते. आणि खोलीत फोमची गादी, सिंथेटिक पडदे, कदाचित पाठीमागे प्लास्टिकची फुलांची भिंत. फोम पेटला की त्याचा धूर ज्वाळेपेक्षा आधी माणसाला आडवा करतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो.

म्हणून खोलीत उभी राहा आणि बघ: बेड, दार आणि ॲसिटोन-स्पिरिटचं टेबल. टेबल बेड आणि दाराच्या मध्ये असेल तर आजच हलव. आग जिथे लागायची शक्यता जास्त, ती जागा बाहेर पडायच्या वाटेत नको. बहुतेक खोल्यांमध्ये टेबल दाराशीच असतं, कारण प्लग तिथे असतो. खासगीपणासाठी तू आतून कडी घालत असशील. पडदा लाव, कडी नको. स्टूल, चपला, ट्रॉली वाटेत नकोत.

काही पेटलंच तर आधी माणूस. तिला नावाने हाक मार, ‘उठा, माझा हात धरा, डोळे तसेच राहू द्या, चला’ एवढंच. टेप ओढत बसू नको, पापण्या बाहेर गेल्यावर बघता येतील. जाताना दार ओढून घे, मेन स्विच बंद कर, १०१ किंवा ११२ लाव. विझवायचा प्रयत्न फक्त तेव्हा, जेव्हा आग तुझ्या ट्रेएवढी आहे, माणूस बाहेर गेलाय आणि दार तुझ्या पाठीशी आहे. वाटी पेटली असेल तर वर स्टीलचं ताट झाकायचं, सरकवत आणायचं, आपटायचं नाही. तांब्याने पाणी फेकायचं नाही. पेटतं ॲसिटोन पाण्याच्या फटक्याने उडून पडद्यापर्यंत जातं.

दाराबाहेर, आत नव्हे, दोन किलोचं एबीसी पावडरचं आग विझवायचं सिलिंडर टांग. आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघून घे, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते दर महिन्याला बघ. पिन ओढायची, पाच-सहा फुटांवरून नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, दांडी दाबायची, डावीउजवीकडे फिरवायची. ते आठ-दहा सेकंदांत संपतं. तेवढ्यात विझलं नाही तर बाहेर.

फोडाबद्दल थोडं रागवायचं होतं. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ, कशानेही भाजलेलं शांत होत नाही. नळाचं वाहतं गार पाणी, पुरी वीस मिनिटं, घड्याळ लावून. चिकटलेलं कापड ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोबत येते. गार झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत हळूहळू सुटू द्यायचं, नाही सुटलं तर डॉक्टरांकडे. डोळ्यात ग्लू गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवायचं, पापण्या जबरदस्तीने उघडायच्या नाहीत, ॲसिटोन तर नावालाही नको, आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

काम बंद करू नकोस. दोन वर्षं हात बसवलास, घरखर्चाला हातभार लागत असणार, आणि मी वर लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं एका रविवारी होण्यासारखं आहे. घराचा विमा असेल तर त्यात व्यवसायाचं सामान धरलंय का, एवढं विचारून ठेव.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि हे त्यांना तूच सांग. घरात असं सांगणारं कुणी नसतं. देव्हारा हलवायचा विषय काढू नकोस, त्यातून आगीपेक्षा मोठा भडका उडेल. देवापेक्षा बाटली हलवणं सोपं. सांजवातीच्या आधी अर्धा तास ॲसिटोन, स्पिरिट सगळं झाकून खोलीबाहेर, खिडक्या उघड्या, आणि दिवा शांत होईपर्यंत क्लायंट घ्यायची नाही. वेळ त्यांनी ठरवायची, तू पाळायची. उदबत्तीलाही हाच नियम.

आणि एक कर. एखाद्या दुपारी त्यांनाच बेडवर आडवं कर, डोळ्यांवर पॅच लाव, कानात त्यांचं आवडतं भजन. मग न सांगता हात धरून उठव आणि अंगणात ने. मध्ये कशाला ठेच लागली, कुठे अडखळल्या, दार कुठे अडलं, त्याची यादी त्या तुला न विचारता देतील, आणि ती माझ्या यादीपेक्षा लांब असेल.